परळला पाचवी-सहावीच्या मुलांसाठी मराठी वाचनवर्ग सुरू करतेय. नियम काय ठेवावेत?

मोजकेच ठेवा, पण पहिल्याच दिवशी पालकांसमोर सांगा. सगळ्यात महत्त्वाचा: कोणी अडखळलं तर हसायचं नाही आणि शब्द पटकन पुरवायचाही नाही. मूल ‘उत्कृष्ट’पाशी अडलं की जरा थांबा, उत्-कृष्-ट असं फोडत बहुतेक वेळा ते स्वतःच वाचतं, आणि तो आनंद त्याच्याकडून हिरावून घेऊ नये. सुरुवातीला १५ मिनिटं मूक वाचन, पुस्तक ज्याचं त्याने निवडलेलं. आवडलं नाही तर बदलायची मुभा हवीच. मोबाइल दप्तरात. घरी रोज थोडं मोठ्याने वाचन, वहीत पालकांची सही. पावसात लोकल रखडून कुणाला उशीर झाला तर ओरडू नका, गुपचूप बसू द्या. १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, पालकांनाही वाचायला बोलवा.