साप सरपटतो की वळवळतो?

प्रश्न असा: मुलीने निबंधात 'साप सरपटत बिळात गेला' असं लिहिलं, बाईंनी 'सरपटत' खोडून 'वळवळत' केलं. बरोबर कोण?

मुलगी. वळवळण्यात हालचाल असते, पुढे जाणं असेलच असं नाही. गळाला लावलेलं गांडूळ वळवळतं. साप घरातल्या गुळगुळीत फरशीवर आला की तोही खरोखर वळवळतो: वेटोळ्यांमागून वेटोळी घसरतात, साप जवळपास तिथेच, कारण अंगाच्या कडेने रेटा द्यायला ना खडा, ना गवताचं बूड. तोच अंगणात गेला की त्याच वळशांनी सुसाट सुटतो. धामण बांधावरून जाताना बघा.

सरपटणे म्हणजे पोट जमिनीला लावून जाणे. पाय असण्या-नसण्याशी त्याचा संबंध नाही, म्हणून तर चार पायांची मगरही 'सरपटणारा प्राणी'. (फरपटणे निराळं. तिथे ओढणारा दुसराच असतो.)

'नागमोडी' शब्दाने मात्र आपली थोडी फसगत केली आहे. सगळे साप सदानकदा नागमोडी जात नाहीत. भरल्या अंगाची घोणस किंवा अजगर निवांत असला की सरळ रेषेत जातो. रस्ता ओलांडणारी घोणस मी पाहिली आहे. कुणीतरी पलीकडून जाड दोर सावकाश ओढतंय असं वाटत होतं. पोटावरचे रुंद खवले टप्प्याटप्प्याने उचलून पुढे टेकतात आणि मग अंग पुढे ओढलं जातं. साप फासळ्यांवर चालतो असं पूर्वी म्हणत. प्रत्यक्षात या चालीत फासळ्या जवळजवळ स्थिर राहतात, हलते ती पोटाची कातडी. फुरसं तर चक्क आडवं, तिरकं जातं.

संस्कृतात या चालींना वेगवेगळी नावं सापडतात, हे मला फार आवडतं. उरग म्हणजे छातीने जाणारा. घोणशीला चपखल. भुजंग वळणं घेत जाणारा, धामणीसारखा. जिह्मग वाकडा जाणारा. तो मी फुरशाला देऊन टाकतो, व्याकरणकारांनी माफ करावं. 'सर्प' हा शब्दही सृप्, म्हणजे सरपटणे, या धातूवरूनच आला आहे. बाईंना एवढंच दाखवलं तरी पुरे.

अमरकोशात सापाचं आणखी एक नाव आहे: गूढपाद्, ज्याचे पाय लपलेले आहेत तो. अजगराच्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना एकेक बारीक नखी असते. ते त्याच्या मागच्या पायांचे अवशेष.