वाचकांचे प्रश्न : अपराजित फ्रँकेल चौथ्या वर्षीच निवृत्त का झाला?

प्रश्न : इंग्लंडचा फ्रँकेल हा घोडा चौदापैकी चौदा शर्यती जिंकून, ऐन भरात असताना, वयाच्या अवघ्या चौथ्या वर्षी निवृत्त करण्यात आला. आणखी दोन वर्षे तरी तो सहज धावला असता, असे वाटते. मग ही घाई मालकाच्या लोभापायी झाली, की घोड्याच्या काळजीपोटी? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आधी हिशेब पाहू. 13 ऑगस्ट 2010 ते 20 ऑक्टोबर 2012 या काळात फ्रँकेलने धावून मिळवलेली सगळी बक्षिसे एकत्र केली, तरी ती 30 लाख पौंडांच्या किंचित खालीच राहतात. 2013 साली न्यूमार्केटजवळच्या बॅन्स्टेड मॅनर स्टड फार्मवर तो पैदाशीसाठी उभा राहिला, तेव्हा एका घोडीमागे त्याची फी 1 लाख 25 हजार पौंड ठरली होती. पहिल्या हंगामात त्याच्याकडे सुमारे 130 घोड्या आल्या. त्यातल्या मालकाच्या घरच्या घोड्या वगळून केवळ शंभरांची फी धरली, तरी रक्कम सव्वा कोटी पौंडांवर जाते. असा घोडा पुन्हा मैदानात उतरवायचा, तर प्रत्येक वेळी मिळण्यासारखे थोडे आणि गमावण्यासारखे फार, अशी स्थिती होते. एका पराभवाने फी उतरते आणि पाय मोडला तर सगळेच संपते. म्हणूनच युरोपातले बहुतेक नामांकित नर घोडे तिसरे वर्ष सरताच स्टड फार्मवर रवाना होतात.

त्यामुळे माझ्या मते प्रश्न उलटा विचारायला हवा. मालक खालिद अब्दुल्ला यांनी त्याला चौथ्या वर्षीही का धावू दिले? याचे निम्मे उत्तर ट्रेनर सर हेन्री सेसिल यांच्यापाशी आहे. एके काळी इंग्लंडच्या रेसकोर्सवर राज्य केलेल्या सेसिल यांना 2005 सालच्या संपूर्ण हंगामात फक्त 12 विजय मिळाले होते. पागा ओस पडू लागली होती आणि पुढच्याच वर्षी त्यांना कर्करोगाचे निदान झाले. त्या पडत्या काळात ज्या थोड्या मालकांनी आपले घोडे त्यांच्याकडून हलवले नाहीत, त्यांत अब्दुल्ला होते. फ्रँकेल हे सेसिल यांच्या वाट्याला आलेले उतारवयातले भाग्य होते. 2012 च्या उन्हाळ्यात उपचारांनी खंगलेले, आवाज बसलेले सेसिल यॉर्कच्या रेसकोर्सवर आले, तेव्हा प्रेक्षकांनी घोड्याइतकाच त्यांचाही जयजयकार केला. जून 2013 मध्ये ते वारले.

जोखीम मात्र खरीच होती. एप्रिल 2012 मध्ये सरावात मागच्या पायाची टाप लागून फ्रँकेलच्या पुढच्या पायाला इजा झाली आणि तो निवृत्त होणार, अशा वावड्या उठल्या. तपासणीत गंभीर काही निघाले नाही आणि मे महिन्यात तो न्यूबरीला जिंकला. जूनमध्ये रॉयल अ‍ॅस्कॉटला क्वीन अ‍ॅन स्टेक्स ही शर्यत त्याने 11 लेंग्थनी जिंकली, म्हणजे नाकाला शेपूट लावून अकरा घोडे उभे राहतील एवढे अंतर त्याने मागे सोडले. मागे राहिलेला एक्सलेब्रेशन स्वतः अव्वल दर्जाचा घोडा होता. दुसऱ्या एखाद्या वर्षी जन्मला असता, तर त्याचेच पोवाडे गायले गेले असते.

चॅम्पियन स्टेक्स या शेवटच्या शर्यतीत तर हिशेबी माणसाने त्याला उतरवलेच नसते. अ‍ॅस्कॉटला पाऊस पडून गेला होता, जमीन रुतत होती आणि गेट उघडल्यावर फ्रँकेल मागेच रेंगाळला. समोर चिखलात हमखास चालणारा फ्रान्सचा सिरस दे झेग्ल होता. फ्रँकेल पावणेदोन लेंग्थनी जिंकला आणि त्याच दिवशी त्याची निवृत्ती जाहीर झाली. हरलेला सिरस दे झेग्ल हा खच्ची केलेला घोडा होता, त्यामुळे स्टड फार्मवर त्याला किंमत नव्हती आणि तो पुढेही धावत राहिला. 2014 मध्ये, आठ वर्षांचा असताना, त्याने पॅरिसच्या आर्क शर्यतीची विजेती ट्रेव्ह हिला हरवले. म्हणजे शरीर आठव्या वर्षापर्यंतही साथ देऊ शकते. निवृत्तीचे वय घोड्याच्या पायांपेक्षा त्याच्या पैदाशीच्या किमतीवर ठरते, हे आपल्या प्रश्नाचे सरळ उत्तर.

प्रश्न : फ्रँकेल इंग्लंडबाहेर कधी धावला नाही आणि डर्बीही धावला नाही. तरीही त्याला आजवरचा सर्वश्रेष्ठ म्हणणे योग्य आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपला आक्षेप निम्मा बरोबर आहे. चौदाही शर्यती इंग्लंडमध्येच झाल्या आणि त्यांपैकी बारा एक मैल किंवा त्याहून कमी अंतराच्या होत्या. डर्बीचे दीड मैल न धावण्यामागे मात्र कारण होते. तरुण फ्रँकेल विलक्षण हट्टी होता आणि लगाम ओढून सुसाट सुटायची त्याला सवय होती. 30 एप्रिल 2011 रोजी न्यूमार्केटच्या टू थाउजंड गिनीज शर्यतीत त्याच्यापुढे राहून वेग आखून द्यायला ठेवलेला घोडा त्याच्यापुढे जाऊच शकला नाही. अर्ध्या वाटेवरच फ्रँकेल दहा-पंधरा लेंग्थ पुढे होता आणि अखेर दमूनही सहा लेंग्थनी जिंकला. पुढच्याच शर्यतीत जॉकी टॉम क्वीली याने त्याला फार लवकर सोडले आणि शेवटी झोफनीवरची आघाडी घटत घटत पाऊण लेंग्थवर आली. चौदा शर्यतींत हरण्याची खरी भीती वाटावी, असा तो एकच प्रसंग.

अशा घोड्याला दम राखायला शिकवण्याचे काम शर्यतीच्या दिवशी होत नाही. ते रोजच्या सकाळच्या रपेटीत होते. शेन फेदरस्टनहॉ हा स्वार वॉरन प्लेस या सेसिल यांच्या पागेतून त्याला रोज बाहेर काढी, इतर घोड्यांच्या मागे धरून ठेवी आणि लगामाशी भांडण न करता त्याला शांत चालायला लावी. त्याचे फळ ऑगस्ट 2012 मध्ये यॉर्कला दिसले. सव्वा मैलाहून थोड्या अधिक अंतराच्या त्या शर्यतीत फ्रँकेल सुरुवातीला जवळजवळ सर्वांच्या मागे निवांत चालत होता आणि मग बाहेरच्या बाजूने येऊन सात लेंग्थनी पुढे निघून गेला. माझ्या लेखी न्यूमार्केटच्या त्या झंझावातापेक्षा हा विजय मोठा आहे.

आकडेच हवे असतील, तर टाइमफॉर्म या इंग्लंडमधल्या जुन्या संस्थेने त्याला 147 गुण दिले, जे 1965 च्या सी बर्डपेक्षा दोनने अधिक आहेत. अधिकृत जागतिक क्रमवारीत त्याला 140 मिळाले. गंमत अशी, की तिथे 1986 च्या डान्सिंग ब्रेव्हचे 141 गुण आधीपासून होते; ते जुने मूल्यमापन ‘सुधारून’ 138 केल्यावर फ्रँकेल पहिला आला. डान्सिंग ब्रेव्हही अब्दुल्लांचाच, त्यामुळे घरातले घरातच राहिले. पण गुण देण्याची ही तऱ्हा मला पटलेली नाही.

प्रश्न : एवढी मोठी फी कशासाठी? गाई-म्हशींप्रमाणे घोड्यांतही कृत्रिम रेतन करता येत असेलच. मग फ्रँकेलचे वीर्य गोठवून पुण्याच्या स्टड फार्मवर का आणत नाहीत? (एक वाचक, बारामती)

उत्तर : शास्त्रीयदृष्ट्या ते सहज शक्य आहे आणि इतर जातींच्या घोड्यांत ते सर्रास होते. शर्यतींसाठी पैदा केल्या जाणाऱ्या थरोब्रेड जातीत मात्र नियमाने बंदी आहे. नर आणि मादी यांच्या प्रत्यक्ष संयोगातून झालेल्या शिंगरालाच जगभरच्या वंशावळीच्या नोंदवहीत जागा मिळते आणि नोंद नसलेला घोडा अधिकृत शर्यतीत धावू शकत नाही. भारतातली ही नोंदवही पुण्यातच ठेवली जाते आणि नोंदीपूर्वी शिंगराच्या आईबापांची डीएनए चाचणीने खातरजमा केली जाते. एक घोडा एका हंगामात मोजक्याच घोड्यांना पुरा पडतो. ही टंचाई नियमाने राखलेली आहे आणि फी तिच्यातूनच येते. कृत्रिम रेतन उद्या खुले झाले, तर चार-पाच नामांकित घोड्यांचीच संतती जगभर पसरेल आणि जातीचा पाया आक्रसेल. बंदीच्या बाजूचा हा युक्तिवाद मला रास्त वाटतो, जरी बंदीमागे धंद्याचे गणित नाही असे कोणी म्हणणार नाही.

प्रत्यक्ष काम मुळीच नजाकतीचे नसते. घोडी माजावर आली आहे का, हे आधी एका दुय्यम नराला दाखवून पाहतात. त्या बिचाऱ्याच्या नशिबी तेवढेच असते. मग घोडीची शेपटी पट्टीने बांधतात आणि लाथ बसून लाखमोलाचा घोडा जायबंदी होऊ नये म्हणून तिच्या मागच्या खुरांवर जाड मऊ बूट चढवतात. मऊ जमिनीच्या बंद शेडमध्ये हेल्मेट घातलेले मोतद्दार दोघांना धरून असतात आणि काही मिनिटांत सारे उरकते. साधारण पंधरवड्याने सोनोग्राफी करून घोडी फळली की नाही ते पाहतात आणि अकरा महिन्यांनी शिंगरू जन्मते. उत्तर गोलार्धात सर्व थरोब्रेडांचे वय 1 जानेवारीपासून मोजतात, म्हणून हा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यापासून उन्हाळ्यापर्यंतच चालतो.

फ्रँकेलचे शिंगरू पुण्यात आणण्याचा नियमात बसणारा एक मार्ग आहे, तो म्हणजे तिकडे फळलेली घोडी विकत घेऊन गाभण अवस्थेत विमानाने आणणे. भारतातल्या स्टड फार्मना हा मार्ग नवा नाही. परंतु फ्रँकेलची फी 2024 साली साडेतीन लाख पौंडांवर गेली. नऊ घोड्यांच्या फीतच त्याच्या साऱ्या कारकिर्दीची बक्षिसे मागे पडतात.

प्रश्न : विजेत्या घोड्याची मुले विजेतीच निघतात का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तशी हमी कोणीच देत नाही. अमेरिकेचा सिगार हा घोडा 1994 ते 1996 या काळात ओळीने 16 शर्यती जिंकला. नंतर तो पैदाशीला उभा राहिला, तर एकही घोडी फळली नाही आणि मालकांना विम्यावर समाधान मानावे लागले. 1973 मध्ये बेलमाँट स्टेक्स 31 लेंग्थनी जिंकणाऱ्या सेक्रेटॅरिएटचे मुलगे सामान्यच म्हणावे लागतील, पण त्याच्या मुलींनी स्टॉर्म कॅट आणि ए. पी. इंडी यांच्यासारखे नातू दिले.

फ्रँकेलच्या बाबतीत मात्र बाप गॅलिलिओ आणि आई काइंड या दोन्ही बाजू भक्कम होत्या. त्याचा सख्खा भाऊ नोबल मिशन याने 2014 मध्ये तीच चॅम्पियन स्टेक्स जिंकली. फ्रँकेलचे पहिले शिंगरू कुन्को जानेवारी 2014 मध्ये जन्मले आणि मे 2016 मध्ये न्यूबरीला पहिल्याच शर्यतीत जिंकले. पुढे सोल स्टरिंग या मुलीने 2017 ची जपानी ओक्स जिंकली, अदायारने 2021 ची एप्सम डर्बी आणि पाच वर्षांच्या अल्पिनिस्टाने 2022 ची आर्क. फ्रँकेल स्वतः कधीच धावला नव्हता, त्या दीड मैलावर त्याची मुले जिंकली, हे नाशिकच्या वाचकांनीही ध्यानात घ्यावे. 2021 मध्ये ब्रिटन-आयर्लंडचा अव्वल पैदाशीचा घोडा ठरून त्याने स्वतःच्याच बापाची सलग अकरा वर्षांची सद्दी मोडली.

उलट उदाहरण आपल्याकडचे आहे. रझीन हा सेसिल यांच्याच पागेतला घोडा 1990 च्या एप्सम डर्बीत सर्वांचा आवडता म्हणून उतरला आणि सपशेल हरला. त्या दिवशी जिंकला तो अब्दुल्लांचा क्वेस्ट फॉर फेम. रझीनला पुढे भारतात आणले आणि उषा स्टडमध्ये तो देशातल्या सर्वांत यशस्वी पैदाशीच्या घोड्यांपैकी एक ठरला. त्याची मुले महालक्ष्मीवर धावू लागली, तेव्हा त्याच्या डर्बीतल्या पराभवाची आठवण कोणी काढत नसे. आपण पैज लावण्यापूर्वी रेसबुकात बापाचे नाव पाहत असाल, तर शेजारचे आईचे नावही वाचत जावे. गाठीला अनुभव असलेले पंटर तेच आधी पाहतात.