वाचता येते, पण वाचवत नाही

अमळनेर तालुक्यातील एक जोडपे समुपदेशनासाठी माझ्याकडे आले ते मुलीच्या काळजीने. पत्नी माध्यमिक शाळेत मराठी शिकवतात, पती वीज उपकरणांच्या दुरुस्तीतले नावाजलेले तंत्रज्ञ आहेत आणि त्यांनी नुकतीच चाळिशी ओलांडली आहे; मुलगी पहिलीत आहे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) घरात पुस्तकांचे भरलेले कपाट आहे, वाचनालयाचे सभासदत्व आहे, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा पत्नीने ग्रंथप्रदर्शनातून पतीसाठी मुद्दाम पुस्तके निवडून आणली होती. त्यांतले एकही पहिल्या प्रकरणाच्या पुढे गेलेले नाही, ही त्यांची तक्रार होती. ‘‘मॅडम, यांना वाचनाची आवडच नाही, आणि मुलगी शेवटी वडिलांचेच बघून शिकणार,’’ असे त्या म्हणाल्या. त्यावर उपाय म्हणून त्यांनी रात्रीच्या जेवणानंतर दहा पाने वाचायचीच, असा घरात नियम केला होता. नियम पाळला जात होता. तिसऱ्या पानावर पतींना झोप लागत होती.

पतींनी बराच वेळ काही सांगितले नाही. मग अहिराणीत एवढेच म्हणाले, ‘‘माले वाचता येस, पन डोकामा बसत नही.’’

आवडीसाठी वाचन न होणे हा आळसाचा किंवा अरसिकपणाचा पुरावा आहे, असे आपल्याकडे फार लवकर ठरवले जाते, आणि सुशिक्षित घरांत तर त्याला संस्कारांच्या कमतरतेचा रंग येतो. माझा अनुभव निराळा आहे. बोलणे मूल आपोआप शिकते, कारण मानवी मेंदू त्यासाठी घडलेला आहे. लेखन मात्र जेमतेम पाच हजार वर्षांपूर्वीचे असून वाचन प्रत्येकाला नव्याने शिकावे लागते. वाचताना डोळे ओळीवरून सलग सरकत नाहीत, ते लहान लहान उड्या घेतात आणि प्रत्येक ठिकाणी साधारण पाव सेकंद थांबतात. त्या थांब्यात अक्षरे ओळखून शब्द जुळवण्याचे काम जवळजवळ नकळत झाले, तरच मन गोष्टीकडे मोकळे राहते. तेच काम जाणीवपूर्वक करावे लागत असेल, तर वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात निसटते, पात्रे एकमेकांत मिसळतात आणि कादंबरीतील आनंद ज्या ठिकाणी सुरू व्हायचा त्या ठिकाणी वाचक पोहोचतच नाही. असा माणूस पुस्तक बाजूला ठेवतो तेव्हा तो साहित्य नाकारत नसतो. त्याला थकवा आलेला असतो.

म्हणून आवडनिवड विचारण्याआधी मी त्यांना नेत्रतपासणी करून यायला सांगितले. हा सल्ला अनेकांना समुपदेशकाच्या तोंडी विचित्र वाटतो, परंतु चाळिशीनंतर जवळचे पाहण्याची डोळ्यांची क्षमता कमी होणे हे सर्वांनाच लागू असते, आणि आपल्याकडील कष्टकरी पुरुष ‘‘मला लांबचे स्वच्छ दिसते’’ एवढ्या आधारावर वर्षानुवर्षे चष्मा टाळतात. यांनाही जवळचा नंबर निघाला. चष्म्याने डोके दुखणे थांबले, पण अडचण मात्र कायम राहिली. म्हणजे तिचे मूळ आणखी कुठे तरी होते.

पुढच्या भेटीत मी एक साधी गोष्ट केली. वर्तमानपत्राच्या पुरवणीतील एका लेखाचा एक परिच्छेद त्यांना मोठ्याने वाचायला दिला आणि त्यात काय आहे ते सांगायला सांगितले. त्याच लेखाचा दुसरा, साधारण तितकाच अवघड परिच्छेद मी वाचून दाखवला आणि तसाच प्रश्न विचारला. पहिला परिच्छेद त्यांनी चुका फारशा न करता वाचला, मात्र अतिशय हळू. बोट नकळत ओळीखाली गेले होते, ‘स्वातंत्र्योत्तर’, ‘दृष्टिकोन’ अशा शब्दांशी ते थबकत होते आणि दोनदा एक ओळ गळली. आशय विचारल्यावर तुटक दोन वाक्ये आली. ऐकलेल्या परिच्छेदाबद्दल मात्र ते भरभरून बोलले. लेखकाचा मुद्दा कुठे कच्चा आहे, हेही त्यांनी सांगितले. पत्नी शेजारीच बसल्या होत्या. नवऱ्याला गोडी नाही, हे त्यांचे मत त्या दुसऱ्या उत्तरानंतर टिकण्यासारखे राहिले नव्हते.

फिलिप गफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये वाचनाची जी मांडणी केली, तिचा येथे उपयोग होतो. त्यांच्या मते वाचून समजणे हे दोन क्षमतांच्या गुणाकारातून येते: एक, छापील अक्षरांवरून शब्द उलगडणे, आणि दुसरी, भाषा ऐकून समजणे. बेरजेऐवजी गुणाकार असल्यामुळे एक बाजू कितीही भक्कम असली तरी दुसरी दुबळी असल्यास फलित थोडेच मिळते. या गृहस्थांची भाषेची बाजू चांगलीच मजबूत होती. अडचण उलगडण्याच्या वेगात होती, आणि ती बहुधा लहानपणापासूनची होती.

शाळेबद्दल विचारल्यावर तेच चित्र दिसले. घरात अहिराणी, पुस्तकात प्रमाण मराठी. त्यामुळे पहिलीतल्या मुलाला अक्षरओळख करता करता नवे शब्द आणि नवी क्रियापदेही शिकावी लागत होती. उभे राहून धडा वाचण्याची पाळी आली की ते पाठ केलेल्या वाक्यांवर निभावून नेत. ते निभले नाही की वर्ग हसे. घरची भाषा वेगळी असणे हे वाचनदोषाचे कारण नव्हे, हे मी येथे मुद्दाम लिहीत आहे, कारण खानदेशातील हजारो मुले अहिराणी, लेवा गणबोली, भिल्ली किंवा पावरी घरातून येऊन उत्तम वाचक झालेली आहेत. मात्र ज्याला आधीच अक्षरे जड जातात, त्याच्यावर हा भार दुप्पट पडतो, आणि हसण्याची भीती बसली की तो सरावच टाळू लागतो. सराव टळला की वेग वाढत नाही, आणि वेग वाढला नाही की टाळणे आणखी पक्के होते.

ही अडचण इतकी वर्षे कोणाच्या लक्षात कशी आली नाही, असे पत्नीने विचारले, आणि शिक्षिका असल्यामुळे त्यांना हा प्रश्न अधिकच बोचत होता. याचे एक कारण आपल्या लिपीत आहे. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचा मेळ बराच सरळ असतो, म्हणून अशी अडचण असलेला मुलगा चुकीचे वाचण्यापेक्षा सावकाश वाचतो, आणि सावकाश वाचणाऱ्याकडे ‘थोडा मंद आहे’ असे म्हणून दुर्लक्ष होते. त्याच वेळी या लिपीची स्वतःची कठीण वळणेही आहेत: बाराखडीमुळे आणि जोडाक्षरांमुळे ओळखायच्या आकृत्यांची संख्या मोठी होते, आणि ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहिली जाते पण उच्चारात नंतर येते. शिवाय त्या काळात खेड्यातल्या शाळेत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचे, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन किंवा गणित जड जाण्याच्या अडचणीचे, नाव कोणाला ठाऊक असणार? कायद्यात तिचा दिव्यांगत्वाच्या प्रकारांमध्ये स्पष्ट समावेश झाला तो २०१६ च्या अधिनियमाने. तोवर हे गृहस्थ काठावर दहावी उत्तीर्ण होऊन, आयटीआय करून, हातातल्या कामाच्या बळावर स्थिरावले होते.

मी त्यांना ‘डिस्लेक्सिया’, म्हणजे वाचनापुरती अध्ययन अक्षमता, असा शिक्का दिला नाही. औपचारिक चाचण्यांशिवाय तो देता येत नाही, आणि या वयात त्यांना प्रमाणपत्राची गरजही नव्हती. चाचणी कुठे करता येईल ते सांगितले आणि निर्णय त्यांच्यावर सोडला. रंगीत काचांचे चष्मे किंवा डोळ्यांचे व्यायाम यांवर मात्र पैसे घालवू नका, असे स्पष्ट बजावले, कारण या अडचणीवर त्यांचा उपयोग होत असल्याचा भरवशाचा पुरावा नाही.

दहा पानांचा नियम सर्वप्रथम बंद केला. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मी पत्नीला सांगितला: चित्रे काढण्याची मुळातच हौस असलेल्या लहान मुलांना आधी बक्षिसाचे आश्वासन देऊन चित्रे काढायला लावली, तेव्हा पुढे मोकळ्या वेळेत त्यांनी चित्रांवर पूर्वीपेक्षा कमी वेळ घालवला, ज्यांना बक्षीस अनपेक्षितपणे मिळाले किंवा मिळालेच नाही, त्यांच्यात अशी घट दिसली नाही. हौशीच्या कामाला अट जोडली की हौस पातळ होऊ शकते. येथे तर हौस रुजण्याआधीच अट आली होती, आणि पाळली न गेल्यास घरात अबोला, हा दंडही होता.

त्याऐवजी ऐकण्यापासून सुरुवात केली. मराठीत आता कथा-कादंबऱ्यांची ध्वनिपुस्तके बऱ्यापैकी उपलब्ध आहेत, आणि दुरुस्तीचे काम करताना ती ऐकता येतात. पत्नीचा आक्षेप असा होता की ऐकणे म्हणजे वाचन नव्हे, ही पळवाट झाली. मी त्यांना बहिणाबाई चौधरींची आठवण करून दिली. असोद्यात १८८० मध्ये जन्मलेल्या या कवयित्रीला लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर सुचलेल्या त्यांच्या ओव्या घरातल्या माणसांनी टिपून ठेवल्या आणि १९५२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, पुस्तकरूपाने आल्या. त्यांच्याच नावाच्या विद्यापीठाच्या परिसरात राहून कानाने मिळालेले साहित्य कमी प्रतीचे मानणे आपल्याला शोभत नाही, असे माझे मत आहे, आणि ते मी जरा जोरातच मांडले. छापील मजकुरासाठी मोठ्या टायपातील, सुट्या ओळींची, दोन-तीन पानांत संपणारी लेखने सुचवली; ओळीखाली पट्टी धरायला हरकत नाही, न आवडलेले अर्धवट सोडायला त्याहून हरकत नाही, हेही सांगितले. ध्वनिपुस्तक ऐकत तोच मजकूर डोळ्यांखालून घालणे त्यांना सर्वाधिक रुचले.

प्रत्येकाचे कारण हेच असते असे नाही. जळगावच्या अभ्यासिकेत चार-पाच वर्षे स्पर्धा परीक्षांची तयारी केलेली एक तरुणी माझ्याकडे आली होती. तिला कथा वाचतानाही हातात पेन्सिल लागे आणि ‘यातून काय लक्षात ठेवायचे’ हा विचार थांबत नसे. तिचा वेग उत्तम होता, पण वाचन तिच्यासाठी तपासणीचे साधन झाले होते. पूर्वी भरपूर वाचणाऱ्या माणसाचे वाचन जर अलीकडे अचानक सुटले असेल, आणि त्यासोबत झोप, भूक व इतर आवडीही मंदावल्या असतील, तर पुस्तकांची चर्चा करण्याआधी नैराश्याची तपासणी करून घ्यावी. वाचताना डोळ्यांपुढे चित्र उभेच राहत नाही, असेही काही जण सांगतात. त्यांना वर्णनांनी भरलेल्या कादंबरीपेक्षा संवाद, चरित्र किंवा विचारप्रधान लेखन जवळचे वाटू शकते, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

राहिली मुलगी. येथे पत्नीची काळजी अगदीच निराधार नव्हती, फक्त तिचे कारण वेगळे होते. वडिलांच्या वागण्याची नक्कल होईल ही भीती बाजूला ठेवता येईल. पण अक्षरे उलगडण्याची अडचण कुटुंबात पुढे जाण्याची शक्यता असते, म्हणून लक्ष ठेवणे योग्यच. यमक जुळवणे, शब्द तोडून त्यातले आवाज सांगणे, रोजच्या अक्षरांची ओळख, यांत ती वर्गातल्या मुलांपेक्षा सतत मागे राहते का, हे पाहावे, आणि तसे दिसल्यास मदत लगेच सुरू करावी. औपचारिक निदान साधारण आठव्या वर्षी, तिसरीच्या सुमारास करता येते, मदतीसाठी मात्र तोवर थांबण्याचे कारण नाही. त्याच वेळी मी विचारले की रात्री मुलीला गोष्टी कोण सांगते. वडीलच सांगत होते, अहिराणीत, आजीकडून ऐकलेल्या, रोज थोड्या बदलून. पत्नीच्या हिशेबात हे वाचनाशी संबंधित काम नव्हतेच. गुणाकारातील भाषेची बाजू त्या घरात तेच भरत होते. आता आई पुस्तकातून वाचून दाखवते आणि वडील गोष्ट सांगतात, अशी वाटणी झाली आहे. मुलीची अक्षरओळख सध्या तरी वर्गाच्या बरोबरीने चालली आहे, आणि पुढील तपासणी दुसरीच्या पहिल्या सत्रानंतर ठेवली आहे.