एक गाल, एक तलवार

प्रश्न : येशूने दुसरा गाल पुढे करायला सांगितलं. मग ख्रिस्ती माणूस सैन्यात कसा जातो?

उत्तर : चर्चचा इतिहास मी बरीच वर्षं शिकवला. हा प्रश्न दरवर्षी यायचा, बहुधा मागच्या बाकावरून. तुमची शंका जुनीच आहे. इ.स. 295 मध्ये उत्तर आफ्रिकेत मॅक्सिमिलियन नावाच्या 21 वर्षांच्या तरुणाने रोमन सैन्यात भरती व्हायला नकार दिला. अधिकारी म्हणाला, सम्राटांच्या पदरी ख्रिस्ती शिपाई आहेतच की! तो उत्तरला, त्यांचं ते जाणोत, मी ख्रिस्ती आहे, मला वाईट करता येत नाही. त्याचा शिरच्छेद झाला. म्हणजे तेव्हाही दोन्ही प्रकारचे ख्रिस्ती होतेच. लूकच्या शुभवर्तमानात तर बाप्तिस्मा करणारा योहान शिपायांना नोकरी सोडा म्हणत नाही. कुणाला लुबाडू नका, पगारात समाधान माना, एवढंच सांगतो.

पुढे ऑगस्टीन आणि तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मपंडितांनी न्याय्य युद्धाच्या अटी मांडल्या: अधिकृत सत्ता, योग्य कारण, शुद्ध हेतू. अटी चांगल्या आहेत, पण प्रत्येक राजाला आपलं युद्ध त्यात बसतंय असंच वाटत आलं. क्वेकर आणि मेनोनाइट या ख्रिस्ती पंथांनी तर शस्त्र पूर्ण नाकारलं.

मला मात्र ऑस्ट्रियाचा शेतकरी फ्रान्झ येगरश्टेटर आठवतो. हिटलरसाठी लढायला तो तयार नव्हता. खुद्द बिशपांनीही त्याला समजावलं, घरच्यांचा विचार कर. 1943 मध्ये त्याला मारलं. 2007 मध्ये त्याच चर्चने त्याला ‘धन्य’ घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी दिली.