ऑफिसच्या विकीत मार्कडाउन चालवावं का, आणि कोड रंगीत कसा दाखवावा?

टीमला मार्कडाउनची (साध्या खुणांनी मजकुराला रूप द्यायच्या पद्धतीची) सवय आहे, विकी मात्र मीडियाविकीवर, म्हणजे विकिपीडिया ज्यावर चालतो त्या सॉफ्टवेअरवर, आणि त्याच्या खुणा वेगळ्या. तर मार्कडाउनचं एक्स्टेन्शन टाकावं का, असं तुम्ही विचारलंय.

माझं ऐकाल तर टाकू नका. एरंडवण्यातल्या आमच्या छोट्या ऑफिसात दोन्ही मार्कअप, म्हणजे खुणांच्या पद्धती, एकत्र नांदवून पाहिले. मार्कडाउनमध्ये ओळीच्या सुरुवातीचं हॅश (#) म्हणजे मथळा, विकीत तेच क्रमांकाची यादी. एकाने घाईत आपली मार्कडाउनमधली टिपणं विकी मार्कअपच्या पानावर चिकटवली आणि सगळ्या मथळ्यांना 1 नंबर मिळाला. दुसरा कुणी आलाच नाही!

जुनी टिपणं पॅनडॉक या रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅममधून एकदाच मीडियाविकीच्या मार्कअपमध्ये काढून घ्या. तक्ते तेवढे डोळ्यांखालून घाला.

कोड रंगीत दाखवायला सिंटॅक्सहायलाइट एक्स्टेन्शन आहे. मीडियाविकीच्या आवृत्ती 1.21 पासून ते सोबतच येतं, फक्त सेटिंगच्या फाइलीत चालू करायचं. मग त्याच नावाच्या टॅगमध्ये कोड ठेवा आणि टॅगमधल्या लँग (lang) या जागी प्रोग्रॅमिंगच्या भाषेचं नाव द्या. टॅगमध्येच लाइन (line) लिहिलंत की ओळींना नंबर येतात; वाक्याच्या मधेच एखादी कमांड हवी असेल तर इनलाइन (inline) लिहा. जुन्या पानांवर याच कामाचा सोर्स (source) टॅग दिसेल, तो आता वापरू नका.

पूर्वी रंग भरायचं काम गेशी नावाचा प्रोग्रॅम करायचा, 2015 पासून पिगमेंट्स नावाचं सॉफ्टवेअर करतं. ते पायथॉनमध्ये लिहिलेलं, त्यामुळे सर्व्हरवर पायथॉन 3 हवं आणि पीएचपीला (मीडियाविकी ज्या भाषेत लिहिलंय तिला) बाहेरचा प्रोग्रॅम चालवायची मुभाही हवी. स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर ही मुभा बऱ्याचदा नसते आणि कोड काळापांढराच राहतो. आम्ही दोन दिवस टॅगमधली चूक शोधत बसलो होतो.

खरं तर रंग ही चैन आहे. उघडा कोड पानात टाकलात तर विकी त्याला आपलंच मार्कअप समजतो. बॅश स्क्रिप्टमधले दुहेरी चौकोनी कंस लाल दुवे (नसलेल्या पानांचे दुवे) होतात, जिंजा या टेम्प्लेट भाषेचे दुहेरी महिरपी कंस विकीचे साचे समजून शोधले जातात, आणि पायथॉनमधले सलग तीन एकेरी कोट गायब होऊन मजकूर ठळक होतो. आमच्या एका स्क्रिप्टच्या हॅशने सुरू होणाऱ्या कॉमेंट्सची अशीच क्रमवार यादी झाली होती आणि नव्या मुलाने ती पायऱ्या समजून वाचली.

एक्स्टेन्शन चालतच नसेल तर सरळ प्री (pre) टॅग वापरा. रंग येणार नाहीत, पण कंस आणि कोट जागच्या जागी राहतील.