खेळते भांडवल : पैसा खेळतो म्हणजे काय करतो?

वाणिज्य शाखेच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे : ‘वित्त व्यवस्थापनाच्या पुस्तकात “खेळते भांडवल” हा शब्द पानोपानी येतो. पैसा काय खेळतो? हा शब्द बोलीभाषेतून घुसलेला वाटतो. त्याऐवजी “कार्यकारी भांडवल” म्हणणं जास्त शास्त्रशुद्ध नाही का? आणि वित्त व्यवस्थापकाच्या कामात या एकाच गोष्टीला एवढं महत्त्व का देतात?’

खेळते भांडवल म्हणजे धंद्याचे रोजचे व्यवहार चालवायला लागणारा पैसा. शब्द बोलीतून आला असेल तर चांगलंच आहे, पण ‘घुसलेला’ मात्र नाही. तो मला मराठी अर्थपरिभाषेतल्या सगळ्यांत नेमक्या शब्दांपैकी एक वाटतो.

आधी ‘खेळणे’ पाहू. या क्रियापदाचा क्रीडा हा एकच अर्थ नाही. खोलीत हवा खेळती असते. पाटाचं पाणी वाफ्यांतून खेळवतात. चेहऱ्यावर हसू खेळतं, मनात विचार खेळतो, एखाद्याच्या हातात पैसा खेळतो. या सगळ्यांत समान आहे ती हालचाल : एका जागी न साचता, आपल्याच क्षेत्रात, न अडखळता होणारी ये-जा. ‘वाहणे’मध्ये एक दिशा असते, गेलेलं परत येईल अशी हमी नसते. ‘फिरणे’ वर्तुळाच्या जवळ जातं, म्हणून ‘फिरता निधी’ हा वेगळा शब्द आपल्याकडे आहेच. ‘खेळणे’मध्ये हालचालही आहे आणि ती आपल्या आवारातच होते, हेही आहे.

आता भांडवल. संस्कृतात ‘भाण्ड’ म्हणजे नुसतं भांडं नव्हे. विकायचा माल, व्यापाऱ्याचा साठा हाही त्याचा अर्थ. भांडार त्याच घरातलं. शेजारच्या कन्नडमध्ये ‘बंडवाळ’ म्हणजे भांडवलच. मुद्दल आणि भांडवल यांतली सीमारेषा मराठीने छान सांभाळली आहे : मुद्दलाची जोडी व्याजाशी, भांडवलाची नफ्याशी. मुद्दल उसनं दिलेलं असतं, भांडवल कामाला लावलेलं असतं.

इथेच ‘कार्यकारी भांडवल’ मला लंगडं वाटतं. यंत्र काय बसून खातं? कारखान्याची इमारत, वाहनं, अवजारं यांत घातलेला पैसाही कामच करत असतो. मग एकाच भागाला कार्यकारी म्हटलं की बाकीचं बिनकामाचं ठरतं. इंग्रजीतल्या ‘वर्किंग कॅपिटल’मध्येही हीच अडचण आहे आणि हिंदीतल्या ‘कार्यशील पूंजी’ने ती जशीच्या तशी उचलली. खरा भेद काम करण्या-न करण्याचा नाहीच. अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथने १७७६ साली भांडवलाचे दोन भाग पाडले ते वेगळ्या कसोटीवर : एक मालकाच्या हातात राहूनच नफा देणारं, दुसरं हातातून निघून जाऊन, वेगळं रूप घेऊन परत आल्यावर नफा देणारं. पहिल्याला त्याने ‘फिक्स्ड’ म्हटलं, दुसऱ्याला ‘सर्क्युलेटिंग’. आपलं ‘स्थिर’ आणि ‘खेळते’ या जोडीच्या किती जवळ आहे ते पाहा.

हे रूप बदलणं म्हणजेच खेळणं. रोख रकमेचा कच्चा माल होतो, त्याचा अर्धवट तयार माल, मग पक्का माल, तो विकला की गिऱ्हाइकाकडची उधारी, आणि उधारी वसूल झाली की पुन्हा रोख. या फेरीला किती दिवस लागतात, हा वित्त व्यवस्थापकाचा रोजचा प्रश्न. समजा, माल आल्यापासून विकला जाईपर्यंत ६० दिवस जातात आणि विकल्यावर पैसे यायला ४५. एकूण १०५. पुरवठादार मात्र ३० दिवसच थांबतो. म्हणजे ७५ दिवसांचा खर्च धंद्याला पदरचा किंवा कर्जाऊ पैसा घालून पेलावा लागतो. वर्षाच्या खर्चाचा जवळजवळ पाचवा हिस्सा कायम वाटेतच असतो. आता धंदा दुप्पट झाला, तर हा वाटेतला पैसाही दुप्पट लागणार. आणि तो आधी लागतो, नफा मागून हातात येतो. खपणारा माल, भरलेली मागणीवही, ताळेबंदात नफा, आणि तरीही पगाराच्या दिवशी खात्यात पैसे नाहीत, ही स्थिती बुडत्या धंद्यात येते तशी वेगाने वाढणाऱ्या धंद्यातही येते. लेखापालाच्या वहीत विक्री झाली त्याच दिवशी नफा नोंदला जातो. वित्त व्यवस्थापक विचारतो, पैसा कधी येणार? दोघांच्या कामातला फरक सांगायला एवढं पुरेसं आहे.

मराठीतल्या व्यवहाराच्या क्रियापदांचा क्रमच पाहा. पैसा आधी खेळतो. मग कुठेतरी गुंततो. गुंततो तोवर ठीक, कारण गुंतवणूक आपण जाणूनबुजून केलेली असते. मनाविरुद्ध गुंतला की तो ‘अडकतो’. अडकून मुदत उलटली की उधारी ‘थकते’. थकबाकी, थकीत हे शब्द त्यातूनच. आणि शेवटी ‘बुडते’. व्यवस्थापकाच्या टेबलावर येण्यांचा एक तक्ता असतो : ३० दिवसांच्या आतली येणी, ३१ ते ६०, ६१ ते ९०, त्याहून जुनी. रकमेच्या वयानुसार मांडलेला. हा तक्ता म्हणजे याच क्रियापदांची उतरंड आहे, फक्त आकड्यांत. शेवटच्या रकान्यातल्या रकमेचा पाठपुरावा करण्यापेक्षा दुसऱ्या रकान्यातली रक्कम तिसऱ्यात जाऊ न देणं सोपं असतं, हे अनुभवी माणसं जाणतात.

तुमच्या पुस्तकात पुढे ‘स्थायी खेळते भांडवल’ असा शब्द येईल आणि तुम्ही म्हणाल, हा तर वदतोव्याघात! तसा तो नाही. खोलीतली हवा क्षणोक्षणी बदलते, पण खोली कधी रिकामी नसते. तसाच किमान साठा, किमान उधारी, किमान रोख धंदा चालू आहे तोवर राहणारच. वस्तू बदलतात, पातळी राहते. यातूनच वित्त व्यवस्थापनाचं एक जुनं तत्त्व निघतं : कायमच्या गरजेला दीर्घ मुदतीचा पैसा, हंगामी गरजेला अल्प मुदतीचा. अल्प मुदतीचं कर्ज काढून यंत्र घेतलं, तर यंत्राने आपली किंमत कमावण्याआधीच कर्जफेडीची तारीख येते. उलट हंगामापुरत्या साठ्यासाठी दहा वर्षांचं कर्ज काढलं, तर हंगाम संपल्यावरही व्याज चालूच.

आता ‘महत्त्व का’ याबद्दल. वित्त व्यवस्थापकाची कामं सगळी पुस्तकं सांगतात : पैसा कुठून उभा करायचा, कशात घालायचा, नफ्यातला किती मालकांना लाभांश म्हणून द्यायचा आणि किती धंद्यात ठेवायचा. हे निर्णय मोठे, पण रोजचे नव्हेत. खेळत्या भांडवलाचा निर्णय रोजचा, आणि तो दोन्ही बाजूंनी चुकू शकतो. रोख कमी ठेवली तर देणी थकतात. जास्त ठेवली तर तेवढा पैसा काही न कमावता पडून राहतो. तरलता, म्हणजे लागेल तेव्हा रोख हाताशी येण्याची सोय, आणि नफा यांची ही ओढाताण कुठल्याही सूत्राने कायमची मिटत नाही. चालू मालमत्ता (रोख, साठा, उधारी) चालू देण्यांच्या (वर्षाच्या आत फेडायच्या रकमांच्या) दुप्पट असावी, हा पाठ्यपुस्तकी २:१ चा दंडक केवळ अंदाजापुरता. ज्या धंद्यात गिऱ्हाईक आधी रोख मोजतं आणि पुरवठादाराला मागाहून पैसे जातात, तिथे हे प्रमाण एकाच्या खाली असूनही धंदा ठणठणीत असू शकतो. आणि न खपणाऱ्या मालाने गोदाम भरलं असेल तर २:१ चं प्रमाणही फसवं.

(‘तरलता’ की ‘रोखता’? दोन्ही रूढ आहेत. मला ‘तरलता’ बरं वाटतं, कारण साठा, उधारी अशा रोख नसलेल्या गोष्टींचीही तरलता कमी-जास्त असते.)

भाषेच्या दृष्टीने मला सगळ्यांत आवडतं ते प्रयोजक रूप. व्यवस्थापक पैसा ‘खेळवतो’. पाणी खेळवणाऱ्याला कुठला पाट कधी उघडायचा आणि कुठला बांध कधी घालायचा हे कळावं लागतं, इथेही तेच. मात्र पैसा ‘खेळवणे’ आणि पैशांनी ‘खेळणे’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पुढच्या महिन्याच्या देण्यांसाठी राखलेली रोख झटपट फायद्याच्या आशेने चढ-उताराच्या बाजारात लावणं हा दुसरा प्रकार. एका ‘व’ने केवढा अर्थ सांभाळलाय!

एक सावधगिरी. पुस्तकांत या संज्ञेचे दोन अर्थ येतात : एकूण, म्हणजे सगळी चालू मालमत्ता, आणि निव्वळ, म्हणजे त्यातून चालू देणी वजा करून उरलेली रक्कम. ‘खेळते’ हे विशेषण शोभतं ते पहिल्या अर्थाला. दुसरी नुसती वजाबाकी आहे, ती काही खेळत नाही. परीक्षेत ‘निव्वळ’ हा शब्द न चुकता लिहा.

आणि रूपांविषयी : भांडवल नपुंसकलिंगी असल्याने ‘खेळते भांडवल’, बोलताना ‘खेळतं भांडवल’. विभक्तीत ‘खेळत्या भांडवलाची गरज’, ‘खेळत्या भांडवलासाठी कर्ज’. ‘खेळते भांडवलाची’ असं अहवालांत सर्रास छापलेलं दिसतं, ते चूक. प्रबंधात किंवा औपचारिक अहवालातही हाच शब्द बेलाशक वापरा. शेजारी ‘वर्किंग कॅपिटल’ लिहायची गरज पडत नाही.