तुमच्यात असं का असतं?

सई,

रविवारी जळगावकडच्या भालोदच्या आत्याने पाठवलेला भरीत पार्टीचा व्हिडिओ बघता बघता तू विचारलंस, "पप्पा, एका वांग्यासाठी एवढी माणसं शेतात? आणि ते तर जाळून टाकलंय. तुमच्यात असं का असतं?" वांग्याला नावं ठेवलीस त्याचं काही नाही, पण 'तुमच्यात' जरा लागलं. तेव्हा "नंतर सांगतो" म्हणून मी उठलो. हे ते नंतर. मराठीत लिहितोय; अडलं तर आईला विचार, मला विचारलंस तर पत्र आणखी लांबेल.

पहिलं म्हणजे, ते जाळलेलं नाही, भाजलेलं आहे. दोहोंत फार तर पाच मिनिटांचा फरक असतो आणि अख्खी पार्टी त्या पाच मिनिटांवर उभी असते.

इथे दुकानात मिळतं ते जांभळं, जाड सालीचं, बियांनी भरलेलं वांगं डोळ्यांसमोर आणू नकोस. आपल्याकडचं भरताचं वांगं हिरवं, त्यावर पांढरट रेघा, वीतभर लांब, एकेक अर्ध्या किलोच्या आसपास, साल पातळ आणि बिया कमी. २०१६ साली 'जळगाव भरीत वांगी' म्हणून त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. बामणोदवाले म्हणतात आमचं खरं, भालोदवाले म्हणतात आमचं, आणि आसोदा म्हणजे बहिणाबाईंचं माहेर, ते तर कुणाचं ऐकूनच घेत नाहीत. नानांना विचारलंस तर भालोद. मला विचारलंस तरी भालोदच, पण तो निकाल नव्हे, नातं.

वांगं निवडताना नाना ते हातात तोलत. एकाच आकाराची दोन असली तर हलकं घ्यायचं, कारण जड वांग्यात बिया जास्त. देठ हिरवा आणि ताठ हवा. देठ सुकलेला म्हणजे तोडून दिवस झाले, आणि असं वांगं भाजल्यावर आतून काळपट निघतं. थंडी पडेपर्यंत कुणी पार्टीचं नाव काढत नसे. आमच्याकडे चातुर्मासात वांगं बंद, आणि चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की मोकळीक. ह्यामागचं शास्त्र मला विचारू नकोस. पावसाळ्यात वांग्याला अळी फार लागते, एवढं मात्र शेतकऱ्याचा मुलगा म्हणून पटतं.

आता भाजणं. कापूस वेचून झाला की कपाशीच्या काड्या बांधावर रचलेल्या असत. त्याच वापरायच्या. बारीक, वाळलेल्या, भडकन पेटतात आणि लवकर विझतात. जाड लाकडाचा जाळ वर साल कोळसा करतो आणि आत वांगं कच्चंच राहतं. खाली काड्यांचा थर, त्यावर वांगी एकाला एक न चिकटवता, वर पुन्हा काड्या. त्याआधी प्रत्येक वांग्याला सुरीच्या टोकाने दोन-तीन भोकं पाडायची. हे विसरलं की आतली वाफ कोंडून वांगं फुटतं आणि गर राखेत. साधारण १५ ते २० मिनिटं, मधे लांब काठीने एकदा उलटायची. झालं की नाही हे पोटाला दाबून बघायचं नाही, पोट आधीच मऊ होतं. देठाजवळ दाबायचं, तो भाग सगळ्यात शेवटी शिजतो. तिथे बोट रुतलं की काढ.

काढलेली वांगी पाटीत घालून दहा मिनिटं झाकून ठेवायची, म्हणजे साल सुटते. मग देठ धरून, हात पाण्यात बुडवत, वरून खाली सोलायचं. वांगं पाण्याखाली धरायचं नाही! धुतलं की राख जाते, पण धुराचा वासही जातो, आणि मग उरतो नुसता उकडलेला गर. बोटभर काळी साल राहिली तर राहू दे. नंतर प्रत्येक वांगं उभं उघडून बघायचं. फळ पोखरणारी अळी बाहेरून दिसत नाही, देठाखाली बारीक भोक असतं तेवढंच. हे काम आम्हा पोरांकडे असे, कारण डोळे आमचे चांगले. देठ सगळ्यात शेवटी कापायचा.

ठेचायला लाकडाचं मोठं खोलगट भांडं आणि लाकडी मुसळ. लोखंडात ठेचलं तर भरीत काळं पडतं. आधी हिरव्या मिरच्या, लसूण आणि मीठ, ते बारीक झालं की मग वांगं. उलटं केलंस तर मिरचीचे तुकडे गरात निसटत राहतात आणि कुणाच्या तरी घासात एक अख्खी येते. मिक्सरचं नाव काढू नकोस, त्याने भरीत चिकट होतं.

आपल्या घरचा हिशोब असा: माणशी अर्धा किलो कच्चं वांगं, कारण भाजून-सोलून जवळजवळ निम्मंच उरतं. किलोला ८ ते १० मिरच्या, १५ पाकळ्या लसूण, मूठभर शेंगदाणे, खोबऱ्याचे पातळ काप, कांद्याच्या पातीची अर्धी जुडी, भरपूर कोथिंबीर. तेल गरम करून त्यात दाणे आणि खोबरं लालसर करायचं, जिरं, मग पात अगदी मिनिटभर, आणि त्यात ठेचलेलं भरीत. हळद नाही, टोमॅटो नाही. टोमॅटो घालतात त्यांच्याशी माझं भांडण नाही, पण त्याला मी भरीत म्हणणार नाही. सोबत कळण्याची भाकरी: चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालासकट काळे उडीद आणि थोडं मीठ, एकत्र दळलेलं. उडदामुळे पीठ चिकट होतं, म्हणून भाकरी जरा जाडच थापतात. केळीच्या पानावर वाढायचं, पानं शेजारच्याच मळ्यातली.

तुला फक्त गोडगोड सांगितलं तर ते खोटं होईल. व्हिडिओत भाजणारे, ठेचणारे, फोटो काढणारे सगळे पुरुष आहेत, बघितलंस? 'आज बायकांना सुट्टी' असं मोठ्याने म्हणायचं, आणि तिकडे कडेला तीन दगडांच्या चुलीवर मोठ्या आई, काकू आणि आत्या शंभर भाकऱ्या थापत बसायच्या. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. आणि त्या कपाशीवर हंगामभर फवारणी झालेली असते, त्याच काड्यांवर आम्ही जेवण भाजत होतो. ते तेव्हा कुणी मनावर घेत नसे. मी आता घेतो, आणि तरी त्या धुराचा वास आला तर पाय तिकडेच वळतील.

एवढी माणसं का, ह्याचं उत्तर माझ्या मते फार साधं आहे. दोन वांग्यांसाठी कुणी काड्या पेटवत नाही. जाळ केला की त्यात पंचवीस किलो मावतं, आणि पंचवीस किलो संपवायला पन्नास माणसं लागतात. आता तर भरीत पार्टी जळगावच्या हॉटेलांतही होते, आणि शेफ विष्णू मनोहर यांनी तिथे महाकाय कढईत विक्रमी भरीत करून दाखवलं. नाना त्याला तमाशा म्हणाले, पण बातमी कापून ठेवली.

शनिवारी मी दुकानातलीच दोन जांभळी वांगी आणणार आहे, जरा हलकी बघून. ओव्हनमध्ये नाही करणार. २३० अंशाला ५० मिनिटांत ती मऊ होतात, पण धूर कुठून आणणार, आणि मागच्या वेळी साल करपवून धूर काढायला गेलो तर अलार्म वाजला. मागच्या अंगणात बार्बेक्यू पेटवतो, सफरचंदाच्या लाकडाचे तुकडे टाकतो, जाड सालीमुळे २५ ते ३० मिनिटं लागतील. बाहेर उणे दहा असेल. भाकऱ्या मी थापणार आहे, त्या फाटणार आहेत. तुला यायलाच हवं असं काही नाही. आलीस तर लसूण सोलायचा आहे, पंधरा पाकळ्या.

पप्पा